धम्मसहलीसाठी मोबाईल ॲप : निवड कशी करावी?

सभासदांना आणि विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहा, अशी सूचना स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून आली, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर महाडची एक दुपार उभी राहिली.

२० मार्चचा दिवस. चवदार तळ्यावर नेहमीप्रमाणे अलोट गर्दी. द्रोणागिरीहून आम्ही एक बस करून गेलो होतो. सहलीची सर्व आखणी तरुण सभासदांनी मोबाईलमधील एका ॲपवर केली होती. निघण्याची वेळ, नाश्त्याचा थांबा, गांधारपाले लेण्यांची भेट, परतीसाठी जमण्याची जागा, सारे काही त्यात व्यवस्थित होते. दुपारी गर्दीमुळे आमची बस दुसरीकडे न्यावी लागली. तरुणांनी लगेच ॲपमध्ये नवी जागा नोंदवली आणि क्षणार्धात ती सर्वांच्या मोबाईलवर पोहोचली. फक्त एका मावशींना ती कळली नाही. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि त्याची बॅटरीही संपली होती.

दोन तास आम्ही त्यांना शोधत होतो. शेवटी तळ्याच्या पायऱ्यांजवळ, मराठवाड्यातून आलेल्या काही भगिनींच्या घोळक्यात त्या बसलेल्या दिसल्या. त्या बायांनी आपल्या फडक्यातली भाकरी त्यांना खाऊ घातली होती. मावशी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पोरांनो, मला कुणी सांगितलंच नाही रे."

त्या वाक्याने आम्ही ओशाळलो. दोष त्या तरुणांना देता येणार नाही. त्यांनी मेहनत घेतली होती. ॲपनेही आपले काम चोख केले होते. चूक झाली होती ती निवडीत. आमच्यातील सर्वांत अडचणीच्या प्रवाशाला हे साधन वापरता येईल काय, हा प्रश्न आम्ही कोणीच विचारला नव्हता. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे ॲपची निवड कशी करावी, हे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

एक न पोहोचलेले पत्र

प्रवासाचे नियोजन ही आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ सोयीची बाब कधीच नव्हती. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत १९०१ सालचा एक प्रसंग सांगितला आहे. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे काम चालले होते. सुटीत बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांकडे निघाली. येत असल्याचे पत्र आगाऊ पाठवले होते. मुले मसूर स्टेशनवर उतरली, परंतु त्यांना न्यायला कोणीच आले नव्हते. जात कळल्यावर गाडीवानांनी न्यायला नकार दिला. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी ती वडिलांकडे पोहोचली. पत्र गावात पोहोचले होते. ज्या नोकराच्या हाती ते पडले, त्याने वडिलांना दिलेच नव्हते.

त्या यातनेचे मूळ कारण जातिव्यवस्था हेच होते, यात शंका नाही. तथापि नियोजनाच्या दृष्टीनेही त्यात एक धडा आहे. सारा प्रवास एकाच निरोपावर अवलंबून असला आणि तो निरोप मध्येच अडला, तर सर्वांत दुबळा प्रवासी रस्त्यावर पडतो. आमच्या मावशींच्या बाबतीत थोड्या प्रमाणात तेच घडले.

साता समुद्रापलीकडेही असेच एक उदाहरण आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना अनेक हॉटेलांत व खाणावळींत प्रवेश नसे. तेव्हा न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ साली एक मार्गदर्शिका काढली. 'ग्रीन बुक' या नावाने ती प्रसिद्ध आहे. कोठे राहता येईल, कोठे जेवता येईल, कोठे पेट्रोल मिळेल, याची माहिती त्यात असे. प्रवाशांनी स्वतःच्या अनुभवावरून कळवलेली माहितीही त्यात असे. आजच्या भाषेत बोलायचे तर ते प्रवासाचे ॲपच होते, आणि ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्याच अनुभवातून तयार झालेले होते. चांगल्या ॲपची पहिली कसोटी येथेच सापडते.

एक ॲप की अनेक?

"सर्वांत चांगले ॲप कोणते?" असे विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात. हा प्रश्न "सर्वांत चांगले भांडे कोणते?" असे विचारण्यासारखा आहे. भात शिजवायचा की पाणी भरायचे, ते आधी ठरवले पाहिजे. सहलीची कामे साधारणपणे पाच आहेत : रेल्वे, रस्ता, मुक्काम, पैसा आणि निरोप. प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे.

१. रेल्वे. आरक्षणासाठी आयआरसीटीसीचे अधिकृत ॲप आहे. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने 'रेलवन' हे नवे ॲपही आणले आहे. त्यात आरक्षित व अनारक्षित तिकिटे आणि गाडीची चौकशी एकत्र करण्यात आली आहे. खासगी ॲपवरूनही तीच तिकिटे मिळतात, पण त्यावर त्यांचे जादा शुल्क असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, हे नागपूर किंवा बुद्धगयेला जाणाऱ्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावे. एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ प्रवासी बसतात. म्हणजे ३० जणांना किमान ५ तिकिटे लागतात. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले असणे आवश्यक झाले आहे. ते काम आदल्या रात्री करू म्हटले तर होत नाही.

येथे वृद्धांसाठी एक बारकावा सांगतो. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तो एक किंवा दोन प्रवाशांच्या तिकिटालाच लागू होतो. तरुणांसोबत सहा जणांचे एकच तिकीट काढले की आजींच्या वाट्याला वरचा बर्थ येण्याची शक्यता वाढते. म्हणून ज्येष्ठांची तिकिटे दोन-दोनची वेगळी काढावीत. ॲप हे आपणहून सुचवत नाही.

दुसरी गोष्ट चढण्याच्या स्टेशनची. ॲपमध्ये 'मुंबई' असे लिहिले की आपल्यापुढे सीएसएमटी येते. द्रोणागिरीच्या माणसाला लोकलने नेरुळ आणि तेथून ठाणे गाठणे बहुधा सोपे पडते. लांब पल्ल्याची गाडी ठाण्याला किंवा कल्याणला थांबत असेल तर तेच स्टेशन तिकिटावर लिहावे. आपल्या लोकलच्या दोन फेऱ्यांमधील अंतर मोठे आहे, तेव्हा एक गाडी चुकली तर काय, हेही आधी ठरवावे.

धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या दिवसांसाठी रेल्वे काही अनारक्षित विशेष गाड्या सोडते. केवळ आरक्षणाचे ॲप पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत. त्यासाठी रेल्वेची घोषणा व वर्तमानपत्र पाहावे लागते. गाडी कोठे आली हे पाहण्यासाठी 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप पुष्कळजण वापरतात. ते मोबाईलच्या टॉवरवरून अंदाज घेते, त्यामुळे प्रवासात इंटरनेट नसतानाही चालते. आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहेच. आमच्या मते प्रत्येक आजी-आजोबांच्या फोनमध्ये तो आधी नोंदवून द्यावा.

२. रस्ता. नकाशाचे ॲप पारखण्याची सोपी रीत म्हणजे ते आपल्या ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहणे. आपल्या परिसरात यासाठी सामग्रीची कमतरता नाही. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच ओहोटीच्या वेळी अडते, हे उरणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ॲपने लाँचची वेळ दाखवली, तरी भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय निघू नये. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्यावर दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. ॲपमध्ये मोटारीचा पर्याय निवडून दुचाकीवर निघालेला माणूस सेतूच्या तोंडाशी जाऊन परत फिरतो.

सहलीची बस ही मोटार नव्हे. गूगल मॅप्समध्ये मोटार, दुचाकी, पायी, सार्वजनिक वाहतूक असे पर्याय आहेत. ५० आसनी भाड्याच्या बसचा पर्याय नाही. म्हणून बंदराच्या कंटेनर ट्रेलरांच्या रांगेत आपली बस किती वेळ अडेल, ते चालकाला विचारावे. वरंधा घाटासारखे रस्ते पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवले जातात, याचीही चौकशी करावी. जुलै २०२५ मध्ये बेलापूर येथे नकाशावर विसंबून पुलाऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेलेली एका महिलेची मोटार थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तीन जणांचे प्राण गेले, तेव्हाही नकाशाच्या ॲपचीच चर्चा झाली. यंत्र रस्ता दाखवते. डोळे आपलेच उघडे हवेत.

डोंगरातील लेण्यांकडे जाताना नेटवर्क जाते. त्यासाठी नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवता येतो. मात्र डाउनलोड केलेल्या नकाशावर मोटारीचा मार्ग मिळतो, पायवाटेचे मार्गदर्शन मिळत नाही. कान्हेरी असो की भाजे, पायऱ्या किती आणि चढ कसा, ते जाऊन आलेल्या माणसालाच विचारावे.

३. मुक्काम. खोली ठरवण्याच्या ॲपवर फोटो सुंदर असतात. आपण तीन गोष्टी पाहाव्यात : खोली कोणत्या मजल्यावर, लिफ्ट आहे काय, आणि पैसे परत मिळण्याची अट काय. याखेरीज एक गंभीर बाब आहे. घरगुती निवासाच्या ॲपमध्ये खोली द्यायची की नाही, हे काही वेळा घरमालक पाहुण्याचे नाव पाहून ठरवतो. अमेरिकेतील पाच शहरांत हार्वर्डच्या अभ्यासकांनी एअरबीएनबीवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बाकी मजकूर सारखाच ठेवून केवळ नाव कृष्णवर्णीयांचे वाटेल असे दिले, तर होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. पुढे २०१८ मध्ये त्या कंपनीने आरक्षण पक्के होण्यापूर्वी पाहुण्याचा फोटो घरमालकाला न दाखवण्याचा निर्णय घेतला. आडनाव ऐकून चेहरा बदलणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. म्हणून जेथे मालकाच्या होकाराची वाट न पाहता आरक्षण तत्काळ पक्के होते, ती पद्धत आपल्यासाठी अधिक बरी. आणि जेथे आपले बांधव सन्मानाने राहून आले आहेत, अशा विहारांची व निवासांची यादी मंडळाने स्वतः ठेवावी. ती आपली 'ग्रीन बुक' होईल.

४. पैसा. आम्ही बँकेत लिपिक असल्याने या बाबतीत थोडे अधिकाराने लिहितो. निवासाचा किंवा कंपनीचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधून त्यावर पैसे पाठवणारी माणसे आमच्या खिडकीपाशी रडवेल्या चेहऱ्याने येतात. तो क्रमांक भामट्याने टाकलेला असतो. परतावा मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, असे तो सांगतो. लक्षात ठेवा : यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

सहलीची वर्गणी कोणाच्याही वैयक्तिक खात्यात न घेता मंडळाच्या खात्यात घ्यावी व पावती द्यावी. ऑनलाइन तिकीट रद्द झाले की परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. पाच तरुणांनी आपापल्या खात्यातून तिकिटे काढली असतील तर परतावाही पाच ठिकाणी येईल. त्याची नोंद वहीत नसेल तर पुढे गैरसमज होतात आणि चांगली माणसे मंडळापासून दुरावतात.

ॲप फुकट मिळते म्हणून ते धर्मादाय आहे असे समजू नये. जाहिरात, कमिशन किंवा आपली माहिती यांतून त्याचा खर्च निघत असतो. काही ॲपमध्ये विमा किंवा देणगीची रक्कम न विचारता बिलात घुसवलेली असते. "फक्त दोनच खोल्या शिल्लक" अशी खोटी घाई केलेली असते. शेवटच्या पानावर भाडे अचानक वाढते. अशा १३ प्रकारच्या फसव्या रीतींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वांद्वारे बंदी घातली आहे. तरीही पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक चौकोनातील खूण पाहावी आणि नको असेल ती काढावी. सहलीच्या ॲपला आपल्या फोनमधील सर्व नाव-क्रमांक कशाला हवेत, हाही प्रश्न स्वतःला विचारावा.

५. निरोप. रोजचा कार्यक्रम मांडण्यासाठी ट्रिपइट, वाँडरलॉग यांसारखी ॲप आहेत. ती चांगली आहेत. पण सर्वांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि इंटरनेटशिवाय पाहण्याची सोय काही ॲपमध्ये पैसे भरल्यावरच मिळते. शिवाय ॲप कायमचे असते असेही नाही. गूगलने २०१६ मध्ये आणलेले 'ट्रिप्स' हे सहलीचे ॲप २०१९ मध्ये बंद केले. तेव्हा आखणी ॲपमध्ये करावी, परंतु तिची प्रत आपल्याजवळ कागदावर ठेवावी.

पारख कशी करावी?

केसपुत्त येथील कालामांनी भगवान बुद्धांना विचारले होते की, निरनिराळे उपदेशक निरनिराळे सांगतात, मग आम्ही कोणाचे खरे मानावे? केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका. स्वतः पारखून, हितकारक आहे असे पटल्यावरच स्वीकारा, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. ॲपच्या नावापुढील तारे आणि लाखो डाउनलोडचे आकडे ही आजची ऐकीव गोष्टच होय. त्याऐवजी कोणतेही ॲप घेण्यापूर्वी पुढील सहा प्रश्न विचारावेत :

(१) हे ॲप मराठीत, किंवा निदान सोप्या रीतीने, वापरता येते काय?
(२) इंटरनेट नसताना त्यातील माहिती दिसते काय?
(३) ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना ही माहिती कशी मिळणार?
(४) शेवटची रक्कम किती, आणि रद्द केल्यास किती परत मिळणार?
(५) ॲप काय काय परवानग्या मागते?
(६) आपल्या ओळखीच्या मार्गावर ते खरे ठरते काय?

यांतील तिसऱ्या प्रश्नाला ॲपमध्ये उत्तर नसते. ते आपणच तयार करावे लागते. महाडच्या अनुभवानंतर आमच्या सहलीत तीन गोष्टी सुरू केल्या. प्रत्येक प्रवाशाच्या हाती मोठ्या अक्षरांतील एक कागद देतो. त्यावर कार्यक्रम, बसचा क्रमांक, चालकाचा व दोन कार्यकर्त्यांचे फोन क्रमांक आणि चुकामूक झाल्यास थांबण्याची एक न बदलणारी जागा लिहिलेली असते. साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसासोबत एक विद्यार्थी जोडीदार म्हणून देतो. आणि कार्यक्रमात बदल झाला, तर तो मोबाईलवर टाकल्यानंतर जोडीदाराने आपल्या ज्येष्ठाला तोंडी सांगून तसे कार्यकर्त्याला कळवायचे. सर्वांचे होकार आल्याशिवाय बदल झाला असे आम्ही मानत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जमलेल्या लाखो लोकांमध्ये भाकरी बांधून, मिळेल त्या गाडीने आणि पायी आलेली माणसे होती. निरोप तोंडोतोंडी गेला होता. आज तुमच्या हातात त्याहून कितीतरी वेगवान साधन आहे. ते जरूर शिका, वापरा, आणि घरातील एका तरी ज्येष्ठाला शिकवा. पण बस सुटण्यापूर्वी एकदा मागे वळून मोजदाद करा.

त्या मावशी पुढच्या सहलीलाही आल्या. कागद त्यांनी पदराला पिनेने अडकवला होता, आणि त्यांची जोडीदार असलेल्या अकरावीच्या मुलीलाच त्या विचारत होत्या, "तुझा फोन चार्ज केलास ना गं?"

जयभीम! नमो बुद्धाय!